गाऱ्हाण्याचा तास

माणसं मालवणला समुद्र बघायला जातात. मला दहावीचा निकाल बघायला पाठवलं होतं.

त्याचं असं झालं. मी लातूरच्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडे पोरं पहाटे क्लासला जातात, मग शाळेत येऊन दमतात आणि संध्याकाळी ताजीतवानी होऊन पुन्हा क्लासला जातात. एवढं करूनही दहावीच्या निकालात कोकण विभाग पुढे राहतो, ही गोष्ट आमच्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या जिव्हारी लागलेली आहे. "ते लोक नेमकं करतात तरी काय?" हा प्रश्न ते निकालाच्या दिवशी विचारतात आणि पेढा न खाताच घरी जातात. यंदा त्यांनी उत्तर शोधून काढायचं ठरवलं आणि शोधायला मला धाडलं.

मलाच का, तर शनिवारचा शेवटचा तास माझा. गाणी, नाटुकली, भित्तिपत्रक, पेटी, खो-खो, असं जे जे मार्कांत मोजता येत नाही ते सगळं मी वर्षानुवर्षं त्या एका तासात कोंबत आले आहे. साहेबांचा त्या तासावर डोळा होता. तिथे त्यांना सराव परीक्षा बसवायच्या होत्या. "बाई, जाऊन बघून या," ते म्हणाले. "कोकणातले लोक शनिवारी टेस्ट घेत असतील तर आपणही घेऊ. पेटी वाजवत असतील तर तुमची पेटी राहू द्या." म्हणजे कागदोपत्री मी अभ्यासभेटीला निघाले होते, आणि खरं सांगायचं तर माझा तास वाचवायला.

बुधवार

कोल्हापूरपर्यंतचा आणि तिथून घाट उतरण्याचा प्रवास सांगत बसत नाही. ज्यांना घाट लागतो त्यांना तो माहीत आहे, आणि ज्यांना लागत नाही त्यांना सांगून पटत नाही. दुपारी मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात एसटीतून उतरले तेव्हा मी जमिनीवर उभी होते की जमीन माझ्यावर, हे ठरायला थोडा वेळ लागला.

एका दुकानात शाळेचा रस्ता विचारला. दुकानदाराने उत्तराऐवजी प्रश्न केला. "खंयसून इलास, बाई?"

"लातूरहून."

"ता पाण्याच्या रेल्वेचा लातूर?"

हो म्हटलं. आमच्या गावाची ओळख बाहेर संकटांवरूनच निघते, त्याची मला सवय आहे. मग त्याने शाळेत कुणाकडे जायचंय ते विचारलं. मी सामंत बाईंचं नाव सांगितलं, तसा तो उखडला. "मगे ता आदी सांगूचा नाय? शाळा कित्या इचारतास?" आणि त्याने मला थेट बाईंच्या घराकडे जाणाऱ्या रिक्षात बसवून दिलं. आमच्याकडे पत्ता म्हणजे चौक, पुतळा आणि क्लासचा बोर्ड. इथे पत्ता म्हणजे माणूस.

शैलजा सामंत या तिथल्या शाळेत गणित शिकवतात. एका प्रशिक्षणात आम्ही शेजारी बसून सारख्याच जांभया दिल्या होत्या, तेवढी ओळख त्यांना आठवडाभर पाहुणी ठेवून घ्यायला पुरली. रात्री पानात बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. मी भाकरी मोडता मोडता माझ्या तासाची सगळी कहाणी सांगायला घेतली आणि साहेबांच्या नावापर्यंत आले, तोच घशात काटा अडकला. बाईंनी शांतपणे भाताचा मोठा गोळा पुढे केला. "न चावता गिळा. आणि एक सांगतंय, बांगडो खाताना भाषण करूचा नाय. बांगड्याक कळणा नाय."

काटा गेला. कहाणी सोलकढी पिताना पुरी केली. बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तुमका आमच्याकडे पेटी वाजताना दिसूक व्हयी." नेमकं तेच मला हवं होतं.

गुरुवार

शाळा जांभ्या दगडाची, कौलारू, आणि चहूबाजूंनी काजूची झाडं. पटांगण लाल. मुख्याध्यापक परब सर घरी आणि रस्त्यात अस्सल मालवणी बोलतात, पण कचेरीच्या उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं की प्रमाण मराठीत शिरतात. बाहेर "येवा, येवा, दमलास काय?" म्हणाले आणि आत खुर्चीत बसताक्षणी, "आपला प्रवास सुखरूप झाला असेल अशी आशा करतो."

मी विषयाला हात घातला. "सर, तुमच्या निकालाचं रहस्य काय?"

"रहस्य असं काही नाही. मुलं अभ्यास करतात."

"आणि?"

"आणि बोर्ड मार्क देतं."

मी पेन धरून बसले होते. त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी थोडा विचार करून भर घातली. "पावसात चार महिने इथे दुसरं करण्यासारखं काही नसतं." हे मी लिहून घेतलं. पण पाऊस लातूरला कसा न्यायचा हा प्रश्न उरलाच. आमच्याकडे तो स्वतःहूनही येत नाही.

मग दहावीच्या वर्गात गेले. म्हटलं, रहस्य मुलांकडे असेल. "क्लासला कुठे जाता तुम्ही?" असं विचारलं.

पहिल्या बाकावरची फाल्गुनी तारी नावाची मुलगी उठली. "हयच, बाई."

"इथे म्हणजे कुठे?"

"ह्योच आमचो क्लास. दहावी अ." आणि माझा गोंधळ पाहून तिने समजावून सांगितलं, "ब नाय आसा."

लातूरमध्ये राहून 'क्लास' या शब्दाचा अर्थ शाळेची खोली असाही होतो हे मी विसरूनच गेले होते. सामंत बाई फळ्याकडे तोंड करून हसत होत्या. मग त्यांनी पायथागोरस इतक्या मोठ्या आवाजात शिकवला की बाहेरच्या काजूवरचा कावळा उडाला. त्या रागावतातही तशाच, कंपास सापडला नाही तरी रागावतात. आमच्याकडे असं रागावलं तर पालक शाळा बदलतात. इथे बदलायला दुसरी शाळा एसटीने जाण्याइतकी लांब आहे, आणि एसटी येईलच असं नाही. हाही निकालाचा एक भाग असू शकेल, पण अहवालात कसा लिहिणार?

परत निघताना कचेरीच्या भिंतीवर वेळापत्रक दिसलं. त्यात पेटी नव्हती, नाटक नव्हतं, खेळ फक्त मंगळवारी. मी हिरमुसले. शेवटी शनिवारच्या रकान्यात बोट फिरवत खाली आले. शेवटचा तास: गाऱ्हाणे.

मी दोनदा वाचलं. गाऱ्हाणे! मुलांच्या तक्रारी ऐकून घ्यायला रीतसर तास! आमच्याकडे मुलाने तक्रार केली तर पालकसभा बोलावतात. "सर, हा तास दर शनिवारी असतो?" मी विचारलं. "असतो," परब सर म्हणाले. "सगळी मुलं बोलतात?" "सगळी. अगदी एका सुरात." मला भरून आलं. कोकणी माणूस मनातलं स्पष्ट बोलतो असं ऐकून होते, पण तो ते वेळापत्रकात घालतो हे माहीत नव्हतं.

बाहेर येऊन काजूखाली उभं राहून मी अध्यक्षसाहेबांना फोन लावला. शनिवारी टेस्ट नसते, मुलांची गाऱ्हाणी ऐकतात, मुलांच्या मनावरचा भार उतरतो, मार्क आपोआप चढतात, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फीडबॅक! बाई, याला फीडबॅक म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांत असतो." त्यांचा आवाज इतका आनंदलेला मी निकालाच्या दिवशीही ऐकला नव्हता.

शुक्रवार

सामंत बाईंचा 'उंची आणि अंतर' हा पाठ किनाऱ्यावर होता. मुलं कोनमापक आणि टेप घेऊन माडांची उंची काढत होती. दोन माड मोजून झाले तेवढ्यात बागेचा मालक लुंगी सावरत धावत आला.

"माड कित्या मोजतास रे? हयसून पण रस्तो नेतत काय?"

"नाय ओ काकानू," फाल्गुनी म्हणाली, "ह्या गणित आसा. दहावीचा."

"गणितात माझो माड कित्या?"

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. बाईंनी त्याची समजूत काढली, रस्ता येत नाही अशी स्वतःच्या नावावर हमी दिली, तेव्हा कुठे त्याने टेप धरू दिला. मग त्यानेच शहाळी उतरवली आणि सगळी मापं होईपर्यंत तिथून हलला नाही. विश्वास होता, पण लक्षही होतं.

मी समुद्राकडे पाहत बसले होते. आमच्या गावाला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं. इथे ते दिवसातून दोनदा आपल्या पायांनी येतं आणि कुणी मान वर करून बघतही नाही. मला राहवलं नाही. चपला आणि पिशवी खडकावर ठेवून मी नेसत्या साडीनिशी पाण्यात गेले. पाणी गुडघ्याला लागलं, मग अजून थोडी पुढे गेले. मागून मुलं ओरडली ते मला कौतुकाचं वाटलं, म्हणून मी हात हलवला. मग शब्द कळले. "बाई, तुमची चप्पल चल्ली वेंगुर्ल्याक!"

पिशवी मुलांनी वाचवली. चपला लाटांवर एकामागून एक शिस्तीत निघाल्या होत्या. त्या दिवशी मी सामंत बाईंच्या मागच्या दाराच्या रबरी स्लिपरमध्ये शाळेत परतले. परब सरांनी दारातच विचारलं, "भरती इल्ली?" आणि आत गेल्यावर, "झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो."

शनिवार

सकाळपासून मी भाषणाची तयारी केली होती. शेवटच्या तासाला सगळी शाळा पटांगणात जमली. परब सरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी पुष्कळ बोलले. मुलांनो, भीती बाळगू नका. जे मनात खुपतंय ते उघड सांगा. मोठ्यांविरुद्ध असलं तरी सांगा. मी बाहेरची आहे, मी ऐकायला आले आहे. मुलं फार आदराने ऐकत होती. इतक्या आदराने, की मला आधीच संशय यायला हवा होता.

मी बसले. सगळ्यांनी चपला काढल्या. फाल्गुनी पुढे आली, देवळाच्या दिशेला तोंड करून तिने हात जोडले, एक नारळ जमिनीवर ठेवला आणि पोटातून आवाज काढला.

"बा देवा रवळनाथा, बारा येशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी शाळा गरजली. मी खुर्चीतून अर्धी उठले.

"आज शनवारच्या दिसाक ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भूमितीच्या पेपराक प्रमेयांचो जो काय गोंधळ आसा, तो तुझो तू निस्तर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सकाळची एसटी मनाक येयत तेव्हा येता, तिका वेळेचा भान दी रे म्हाराजा!"

या 'व्हय'मध्ये शिक्षकांचे आवाज जास्त होते.

"सामंत बाईंचो राग वायच कमी कर, पण बाईंका हयच ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. ही तक्रार नव्हती. हे मागणं होतं, सगळ्यांनी मिळून देवाला घातलेलं साकडं. आमच्या लातुरात गाऱ्हाणं म्हणजे कुणाच्या तरी विरुद्ध. इथे ते कुणासाठी तरी घालतात. माझं मघाचं भाषण आठवून मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. आणि तेवढ्यात फाल्गुनी माझ्याकडे वळली.

"आणि ही जी लातूरसून, घाट उतरान, चप्पल दर्यात घालून, आमच्या दारात बाई इली आसा, तिच्या शनवारच्या तासावर कोणाचो डोळो पडलो आसात, तर तो डोळो दुसरीकडे वळव. बाईचो तास बाईक रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला रडू आलं. ती मुलं मला तीन दिवस ओळखत होती. माझ्या स्वतःच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, त्या तासासाठी एकाही माणसाने तोंड उघडलं नव्हतं. इथे सगळी शाळा अनवाणी उभी राहून माझ्या तासासाठी देवाला हाक मारत होती. मी पदर डोळ्यांना लावला, आणि सामंत बाई दुसरीकडे बघत राहिल्या. बुधवारी रात्री सांगितलेली कहाणी फाल्गुनीला कुणी पुरवली हे विचारायची गरज नव्हती.

गाऱ्हाणं पाच-सात मिनिटांत संपलं. आणि मग, वाचकहो, पेटी निघाली. तबला निघाला. कुणी दशावतारातल्या राक्षसासारखं गरजत नाटकाची तालीम सुरू केली, कुणी कबड्डीची रेघ आखली. मला बुधवारपासून जे हवं होतं ते सगळं एका पटांगणात चाललं होतं, फक्त वेळापत्रकावर त्याचं नाव वेगळं होतं.

"मला परवाच का नाही सांगितलंत?" मी परब सरांना विचारलं.

आम्ही पटांगणात होतो, म्हणून उत्तर मालवणीत आलं. "तुम्ही किती खुशीत होतास! आणि तुम्हीच पयल्या नाय. घाटावरचे सायब येतत, 'गाऱ्हाणे' वाचतत, 'वा, मुलांच्या तक्रारी ऐकता' म्हणान पाठ थोपटतत आणि जातत. आमी खोटा काय लिवला? गाऱ्हाणा घालतंव, मगे पेटी वाजवतंव."

"आणि तासाचं नाव 'पेटी आणि नाटक' असतं तर?"

"तर कधीच गेलो आसतो तो. गणिताक."

"माकाच मिळालो आसतो," सामंत बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडी हळहळ दिसली.

माझी खरी पंचाईत झाली ती यानंतर. कारण संध्याकाळी साहेबांनी फोटो पाठवला. शाळेच्या फाटकावर भला मोठा फ्लेक्स. 'शनिवारचा शेवटचा तास: गाऱ्हाणे. कोकण पॅटर्न आता आपल्या शाळेत!' खाली साहेबांचा हसरा फोटो. सराव परीक्षा अजून रद्द नव्हत्या. या नव्या तासाच्या पहिल्या दिवशी ते स्वतः येणार होते, तक्रारी ऐकून मग पुढचं ठरवणार होते.

"खरं काय ते कळवते त्यांना," मी म्हटलं.

सामंत बाई सुरणाची भाजी चिरत होत्या. "कित्या? गाऱ्हाणा घालतत असाच सांगितलास ना? घाला मगे."

लातूर

परतीचा घाटही सांगत नाही.

आमच्या मुलांना शिकवायला फार कष्ट पडले नाहीत. 'व्हय' आमच्याकडेही म्हणतातच. शब्द त्यांचे त्यांनी जुळवले. मी फक्त रीत सांगितली आणि चपला काढायला लावल्या. पुढे उभं राहायचं काम दहावीच्या वैष्णवीने मागून घेतलं. तिचा पहाटेचा क्लास असतो, त्यामुळे देवाशी बोलण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं.

शनिवारी साहेब पहिल्या रांगेत बसले. मांडीवर कोरा कागद, हातात पेन, चेहऱ्यावर सगळ्या तक्रारी पोटात घालण्याची तयारी. वैष्णवीने हात जोडले.

"बा सिद्धेश्वरा, आमच्या लातूरच्या राखणदारा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सिद्धेश्वराचं नाव ऐकताच साहेबांचे हात जोडले गेले. ते गावदेवाची यात्रा कधी चुकवत नाहीत. पेन खाली पडलं ते त्यांनी उचललं नाही.

"नळाचं पाणी आठवड्यातून एकदा तरी सुटू दे महाराजा!"

"व्हय महाराजा!" साहेबांचे ओठ हलले.

"पहाटेच्या क्लासच्या सरांना एक दिवस तरी गाढ झोप लागू दे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आता त्यांचा आवाज ऐकू आला. डोळे मिटलेले होते आणि मान तालात हलत होती.

"आणि आमचा शनिवारचा शेवटचा तास कुणाच्याही टेस्टला जाऊ देऊ नको महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांत वरचा आवाज साहेबांचा होता.

मुलांच्या टाळ्या थांबेनात. साहेबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "बाई, आत्ता मी कशाला हो म्हणालो?"

"शनिवारच्या तासाला, साहेब," मी म्हटलं. "आणि मला नाही, सिद्धेश्वराला."